अडीच काकू उंचीचा दगड

सुलतान बाजारातल्या माणिककाका कदमांच्या फोटो स्टुडिओत खुर्ची नव्हती. म्हणजे काकांना स्वतःला टेकायला एक स्टूल होतं, पण कॅमेऱ्यासमोर गिऱ्हाइकाला बसायला काही म्हणजे काही नव्हतं. कापडाच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढून धापा टाकत आलेल्या म्हातारीलासुद्धा काका उभंच करत. "चेहरा काय, कुणालाही असतो," ते म्हणत, "उभं राहता आलं पाहिजे." मग हनुवटी खाली, खांदे मागे, श्वास रोखा, आणि शेवटी, "आता हलाल तर माझी शप्पथ आहे."

हैदराबादेतल्या मराठी घरांतली कितीतरी लग्नं या स्टुडिओतल्या फोटोंवर जमली. माझं जमलं नाही, पण त्यात काकांचा दोष नव्हता. फोटो इतका सुरेख आला होता की बघायला आलेल्या मंडळींनी मला ओळखलंच नाही. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून काका मुरुम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळं साफ करत. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा पेन्सिल गेली आणि माउस आला, बाकी साफसफाई चालूच राहिली.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलावेत म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, मी खाली, ते वर, आणि त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षांचं एक भांडण होतं. ते साधं होतं. हा माणूस साऱ्या जगाकडे भिंगातून बघायचा आणि स्वतःच्या बायकोकडे बघायचाच नाही. गोदाकाकू त्यांच्यासमोर झिजत चालल्या होत्या आणि हे आपले दगडांचे फोटो काढत होते.

तर आता दगड.

एकदा एका लग्नाचे फोटो काढायला काका महबूबनगरच्या पुढे, कृष्णेच्या बाजूच्या एका खेड्यात निघाले होते. वाटेत बस पंक्चर झाली. बाकीची मंडळी बाभळीच्या सावलीला गेली आणि काका माळावर फिरायला. तिथे त्यांना ते दिसले. उघडा माळ, झाड नाही, झुडूप नाही, आणि त्यावर पुरुष-दोन पुरुष उंचीचे दगड ओळीने उभे. मूर्ती नाहीत, शेंदूर नाही, कुणी छिन्नी लावून कोरलेलं काही नाही. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते ओढून आणले, खड्डे खणले आणि उभे केले. कशासाठी, ते कुणालाच धड सांगता येत नाही. गावचे लोक त्यांना तेलुगूत निलुवु राळ्ळु म्हणतात, म्हणजे उभे दगड. काकांना आणखी काय पाहिजे? त्या लग्नाच्या आल्बममध्ये सप्तपदीचा एकही फोटो नाही, कारण तोवर सगळा रोल दगडांवर संपला होता. मुलीच्या बापाने काकांना पुन्हा कधी दारात उभं केलं नाही.

"सुनंदा," परत आल्यावर ते मला म्हणाले, "तीन हजार वर्षं हललेले नाहीत गं! असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नाही."

त्याच वर्षी मी छोटीशी गाडी घेतली, ही माझी चूक. आठवडाभर कोठीतल्या बँकेत मान मोडून काम करायचं आणि रविवारी पहाटे, माणसं झोपतात तेव्हा, काका-काकूंना घेऊन तीन तास गाडी हाकायची. महिन्यातून एक रविवार तरी जायचाच. उन्हाळा काकांना मंजूर नव्हता, त्यात उजेड 'भाजलेला' असतो म्हणे. काकू डबा घ्यायच्या, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पुलिहोरा, म्हणजे तेलुगू पद्धतीचा चिंचेचा भात. डब्याकडे बघून मी निमूटपणे किल्ली उचलायची.

माळावर पोचलं की काका आधी दगडांची चौकशी करत. त्यांनी सगळ्यांना लग्नाघरची नावं ठेवली होती. दोन सारखे दगड करवल्या, एक वाकडा तो रुसलेला जावई, आणि सगळ्यांच्या मागे छाती काढून उभा असलेला सर्वांत उंच, तो मामा. तिथे शेळ्या चारणारा मल्लय्या नावाचा एक म्हातारा असायचा. काका त्याला लांबूनच विचारत, "क्या मल्लय्या, मामा कैसे हैं?"

"अच्छे हैं सारू," मल्लय्या म्हणायचा. "बढ रै. हर साल थोडा थोडा बढ रै."

हे दगड वाढतात अशी त्या गावची समजूत होती. काका हसायचे. तेव्हा हसायचे.

पहिला आल्बम तयार झाला तेव्हा काका तो घेऊन पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंकडे गेले. तेलुगू बाई, फार हुशार, आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. मॅडमनी पानं उलटली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सर," त्या हिंदीत म्हणाल्या, "या मोठ्या दगडावर वाटीएवढे खळगे आहेत. माणसांनी केलेले. मी हात लावून पाहिलेत. इथे ते दिसत का नाहीत?"

"काढले ना!" काका अभिमानाने म्हणाले. "देवीच्या व्रणांसारखे दिसत होते. लग्नाच्या पोरींचे काढतो, मामाचे नाही काढणार?"

त्या खळग्यांवरच त्यांचा सगळा अभ्यास चालला होता. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. एक, दगडाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. दोन, फोटोत शेजारी मोजपट्टी पाहिजे, म्हणजे उंची कळते. काका खजील झाले, पण शिष्यासारखे झाले. घरी येऊन त्यांनी एका बांबूवर काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि पुढच्या रविवारी तो बांबू जिन्यात विसरून आम्ही माळावर पोचलो.

सूर्य वर यायला लागला होता. काका दगडांभोवती घिरट्या घालत स्वतःला शिव्या देत होते. काकू चटईवर डबा उघडत होत्या.

"गोदा, तुझी उंची किती गं?"

"लग्नाच्या वेळी सांगितली होती की. पाच फूट एक."

"ये इकडे. चप्पल काढ."

झालं! त्या दिवसापासून काकू मोजपट्टी झाल्या. बांबू पुढे पंधरा वर्षं जिन्यात उभा होता, त्यावर आम्ही ओल्या छत्र्या अडकवायचो. काका फोटो छापून आणत, कंपासपेटीतल्या कर्कटकाचं एक टोक काकूंच्या टाचेशी, दुसरं डोक्याशी ठेवत, आणि तेवढ्या अंतराने दगड मोजत वर जात. जावई दीड काकू. करवल्या दोन-दोन काकूंना जरा कमी. मामा अडीच काकू, म्हणजे बारा फूट आठ इंच. फोटोच्या मागे हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण काम नेटकं होतं म्हणून फोटो ठेवून घेतले.

काकूंना या नेमणुकीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. चप्पल काढायलाच पाहिजे, कारण चपलेच्या तळाने माणूस पाऊण इंच वाढतो. माळावर सराटे काय थोडे? काकू एक पाय उचलून काटा काढत म्हणायच्या, "दगडाला विचारा, त्याने चप्पल घातलीय का ते."

"हलू नको, गोदा."

"आईनं म्हटलं होतं, फोटोग्राफर आहे, रोज नटवील. इथे धोंड्याशेजारी उभं केलंय."

"तोंड मिट. तोंडाने उंची बदलते."

मी खो खो हसायची आणि हसता हसता चिडायची. एकदा मी विचारलं, "काका, जगातल्या बायांच्या सुरकुत्या पुसता, काकूंच्या राहिल्यात की फोटोत." काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "मोजपट्टीचं कुणी रिटचिंग करतं का गं?" म्हणजे उभ्या हैदराबादेत काकांनी साफ न केलेला एकच चेहरा होता, आणि तो त्यांनी पाहिलेला नव्हता.

दहा-बारा वर्षं अशी गेली. स्टुडिओसमोरून मेट्रोचा पूल गेला, लोक मोबाईलवर स्वतःचेच फोटो काढायला लागले, काकांनी स्टुडिओचे दिवस आठवड्यातून तीनवर आणले. दगडांचे रविवार मात्र चुकले नाहीत. आणि काकू मला वर बोलवायला लागल्या. "सुनंदा, फळीवरचा पोह्यांचा डबा काढून दे गं." ती फळी काकांनी काकूंच्या हाताला येईल अशीच ठोकली होती, मला चांगलं आठवत होतं. मग परकरांच्या कडा दुमडून शिवायला लागल्या. "कापडच असलं निघालं," त्या म्हणायच्या, "सैल पडतं." शेगडीजवळ उभं राहून पोळ्या लाटताना मध्येच थांबून ओट्याला धरायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, पाठ जरा आखडते. ह्यांना सांगू नकोस, नाहीतर मोजायला येतील."

मी सांगितलं. "काका, काकूंना डॉक्टरकडे न्या. पाठ दुखतेय त्यांची."

"या वयात कुणाची दुखत नाही?" ते भिंगातून मामाचे खळगे बघत होते. "माझी दुखते. तुझीही दुखेल."

मी दार आपटून खाली आले. माळावर काकू आता दगडाला हात टेकून उभ्या राहायच्या. काका ओरडायचे, "हात काढ, गोदा! मोजपट्टीला हात नसतात." काकू हात काढायच्या, आणि काकांनी कॅमेऱ्यात डोकं घातलं की हळूच परत ठेवायच्या. हे मी बघत होते. मी तरी काय केलं? तेव्हा त्या हाताकडे बघून मला हसूच यायचं.

एके दिवशी काकांनी मला वरून अशी हाक मारली की मी गॅस तसाच ठेवून धावले. टेबलावर मामाचे दोन फोटो होते, एक पहिल्या वर्षीचा, एक परवाचा. काकांच्या हातात कर्कटक होतं.

"मामा वाढला," ते म्हणाले.

"काय?"

"तेरा फूट चार इंच. आठ इंच वाढला! करवल्या वाढल्या. जावई वाढला. सगळे वाढलेत, सुनंदा. मल्लय्या खरं बोलत होता."

पुढचे दोन महिने काका अफझलगंजच्या वाचनालयात मुक्कामाला गेल्यासारखे होते. माती वाहून जाते, जमीन वर येते, दगड तापून फुगतो, नाना तर्क. मॅडमनी फोनवर शांतपणे सांगितलं, "सर, एकदा टेपने मोजा." काकांना ते लागलं. "टेप!" फोन ठेवून ते म्हणाले. "पंधरा वर्षांची पद्धत आहे माझी. पंधरा वर्षं मी एक मोजपट्टी बदललेली नाही. खळगे पुसले तेव्हा हसले सगळे. आता बघू."

मग त्यांनी व्याख्यान ठरवलं. आपल्या मराठी मंडळींचं सभागृह, रविवारची संध्याकाळ, नंतर उपमा आणि कॉफी. उपम्यामुळे गर्दी बरी झाली. मॅडमही आल्या. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मी आणि काकू पहिल्या रांगेत बसलो, काकूंच्या पाठीशी मी माझी शाल गुंडाळून ठेवली होती.

पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी आले. डावीकडे मामा आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या काकू, उजवीकडे तोच मामा आणि गेल्या महिन्यातल्या काकू. काका लांब काठीने दाखवत होते. "तेव्हा अडीच काकू. आज दोन पूर्णांक त्रेसष्ट काकू. पट्टी तीच, कॅमेरा त्याच जागी, चप्पल दोन्ही वेळा काढलेली."

मामाच्या अंगावर एक आडवी भेग आहे. डावीकडच्या फोटोत ती काकूंच्या भांगाच्या सुरुवातीशी येत होती. उजवीकडे काकूंचं डोकं तिच्या खाली राहिलं होतं. खांदे पुढे आले होते. मी काकूंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांना नवल वाटलेलं नव्हतं.

"अहो," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, घरात हाक मारतात तसं. "मामा कुठला वाढतोय. मी कमी झालेय."

सभागृह हसलं. मनापासून हसलं, कारण काकूंनी ते सांगितलंच तसं होतं. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. मॅडमनी मान खाली घातली. काका मात्र काठी वर धरून तसेच उभे होते. मग ते सावकाश पडद्याकडे वळले. काठी मामावरून खाली आली आणि काकूंच्या फोटोवर थांबली, आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. काकांनी व्याख्यान तिथेच संपवलं. उपमा त्यांनी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोठीतल्या एका दवाखान्यात होतो. हाडं ठिसूळ झालेली, मणक्यांपैकी दोन दबलेले. एवढी वर्षं दुखणं अंगावर काढलं म्हणून डॉक्टर रागावले. भिंतीवरच्या पट्टीशी काकूंना उभं करून त्यांनी उंची सांगितली, चार फूट दहा.

"तुमची पट्टी बरोबर आहे ना?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"पुन्हा मोजा."

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तीन इंच कुठून येणार परत? काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

चार दिवसांनी मी औषधं द्यायला वर गेले तर काका जमिनीवर बसले होते. पंधरा वर्षांचे फोटो ओळीने मांडलेले. भिंग हातात, पण दगडांवर नाही. माझी चाहूल लागली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"ही निळी साडी कुठली गं?"

"तुमच्या साठीला घेतलेली."

"या वर्षी ही हसत नाहीये."

"तुम्ही सराट्यांत उभं केलं होतं काका."

ते पुढे सरकले. मग एका फोटोशी थांबले. "इथपासून हात आहे. बघ. या वर्षी नाही, या वर्षी आहे. मग प्रत्येक वर्षी आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी ओरडायचो, हात काढ म्हणून. चार वर्षं ती दगडाला धरून उभी होती आणि मी ओरडायचो."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पंधरा वर्षं साठवलेलं होतं. पण समोरचा माणूस रडत होता, आणि स्वयंपाकघरातून काकू विचारत होत्या, "चहा टाकू का दोघांना?" मी म्हटलं, "मी टाकते. तुम्ही बसा."

औषधं, इंजेक्शनं, कंबरेचा पट्टा यांत वर्ष गेलं. काकांनी एकट्याने दगडांकडे जायला साफ नकार दिला. फळी त्यांनी स्वतः उतरवून तीन इंच खाली ठोकली. तीन म्हणजे तीन, मोजून. काकूंना त्याचं फार हसू आलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "मामा वाट बघत असतील. एकदा जाऊन येऊ." डॉक्टरांनी सावकाश जा म्हणून सांगितलं. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी गाडी दारात आणली, तर काका जिन्यातून एक घडीची खुर्ची घेऊन उतरत होते. नवीकोरी. चाळीस वर्षांत स्टुडिओसाठी जी घेतली नव्हती ती.

माळावर गाडी लांब उभी करावी लागते. काकू माझा हात धरून पावलं टाकत होत्या आणि पुढे काका, डोक्यावर खुर्ची घेऊन. मल्लय्या धावत आला आणि खुर्ची घ्यायला लागला.

"नक्को मियाँ, मैंच लेतौं."

"मामा कितना बढे सारू?" मल्लय्याने विचारलं.

"मामा वहींच हैं," काका म्हणाले. "मैंच गलत नापा."

त्यांनी मामाच्या पायथ्याशी जमीन पायाने सारखी केली, सराटे वेचून बाजूला टाकले, खुर्ची उघडली, दोनदा दाबून पाहिली. काकू सवयीने चप्पल काढायला वाकल्या.

"असू दे," काका म्हणाले. "बस."

काकू बसल्या. हात मामावर गेला, आणि त्यांनी चटकन मागे घेतला.

"ठेव. ठेव की हात."

मग काका कॅमेऱ्याशी गेले. हनुवटी खाली नाही, खांदे मागे नाहीत, श्वास रोखा नाही. काकू मल्लय्याच्या शेळ्यांना काहीतरी बोलत होत्या, त्यांचा पदर उडत होता, तोंड चालू होतं. काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं, मग मान वर काढली आणि नुसत्याच डोळ्यांनी बघत राहिले. इतका वेळ की मलाच अवघडायला झालं. उजेड भराभर चढत होता. ज्या माणसाने एकेका मिनिटाच्या उजेडासाठी मला पहाटे चारला उठवलं, त्याला मी म्हटलं, "काका, उजेड चाललाय."

"जाऊ दे," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर काका येतात ते असे, मान वर काढून, कॅमेरा विसरून उभे. पुढच्या हिवाळ्याआधीच ते गेले.

तो फोटो काकूंच्या खोलीत आहे. काकू त्यात जशा आहेत तशा आहेत, एक सुरकुती पुसलेली नाही, आणि शेजारी मामा, तोही सगळ्या खळग्यांसकट. परवा धूळ पुसायला मी तो उतरवला, तेव्हा मागचं सुवाच्य अक्षर दिसलं. आधी नाव, मग मोजमाप, नेहमीच्या शिस्तीत:

'सौ. गोदावरी. उंची चार फूट दहा. बसलेली. शेजारी मोजपट्टीसाठी दगड.'